दावलेली तोफ, घेतलेली तोफ

खर्ड्याची लढाई आमच्या घाटावर कुणी पुस्तकातून शिकलं नाही. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या कडेवर. घाट उतरलं की खर्डा. मध्ये जिल्हा बदलतो, सोयरीक बदलत नाही. त्यामुळं ११ मार्च १७९५ ही तारीख शाळेत कळायच्या आधीपासून ती लढाई आम्हाला ठाऊक होती. ती कोण जिंकलं यापेक्षा तिथं पाण्यावाचून कोणाचे हाल झाले, हे जास्त ठाऊक होतं. आमचे आण्णा, म्हणजे आजोबा, दरवेळी एकाच वाक्यावर यायचे, "निजाम किल्ल्यात शिरला अन् तहानेनं मेला." निजाम अली मेला नव्हता, पुढं १८०३ पर्यंत जगला. पण आण्णांच्या गोष्टीत तो दर उन्हाळ्यात मरायचा.

मोठेपणी ग्रँट डफचा इतिहास वाचला तेव्हा आण्णांची बाजू बरीच खरी निघाली. निजामाची फौज बेदरहून मांजरेच्या काठानं आली आणि मोहरीच्या घाटानं खाली खर्ड्याकडं उतरली. समोर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सगळे. निजामाचं घोडदळ पुढं सरकलं, तसा रघूजी भोसल्यांच्या लोकांनी त्यावर बाणांचा वर्षाव केला. बाण म्हणजे लोखंडी नळीत दारू ठासलेले अग्निबाण. त्याच वेळी एका उंचवट्यावर शिंद्यांच्या पदरच्या पेराँ नावाच्या फिरंग्यानं नेमक्या जागी मांडलेल्या ३५ तोफा सुरू झाल्या. घोडदळ विस्कटलं. निजामाच्या बाजूला रेमंडचं कवायती पायदळ होतं, ते मात्र हललं नाही. पेराँच्या पलटणींवर त्यानं थोडी सरशीही केली होती. तेवढ्यात निजामाकडून माघारीचे हुकूम आले, एकामागून एक. बरोबरचा जनाना घाबरला होता आणि बेगमांच्या धास्तीपुढं निजामाचं चाललं नाही, असं लिहून ठेवलंय.

रात्री जे झालं तिथं पाण्याचा संबंध येतो. घोड्यांना पाणी शोधत फिरणारी मराठ्यांची एक लहानशी टोळी एका ओढ्यावर पोचली. तिथं निजामाचे लोक होते. त्यांनी गोळी घातली. जवळ रेमंडचे पहारेकरी होते, त्यांनीही घातली. सगळी फौज भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन झोपलेली. दचकून उठली आणि अंधारात जिकडं तोंड होतं तिकडं बार उडाले. त्या गोंधळात निजाम खर्ड्याच्या गढीत शिरला. सुलतानजी निंबाळकरांनी बांधलेला तो किल्ला लहान, आतलं पाणी तेवढ्या माणसांना पुरणारं नव्हतं. दोन दिवसांत त्यानं तहाची बोलणी केली.

आण्णांना या लढाईत तोफा आणि फिरंगी फारसे दिसत नसत, बैल दिसत. घाटाच्या उतारावर तोफेच्या गाड्याला मागून दोर बांधून धरणारी माणसं कुठल्या गावची असतील, याचा ते विचार करायचे. मला वेगळंच कोडं पडायचं. पेराँ फ्रेंच, रेमंडही फ्रेंच. दोघांची कवायत एका वळणाची, तोफाही साधारण एका घडणीच्या. म्हणजे दोन्ही मालकांनी एकाच बाजारातून माल आणला होता. मग तो आणला कसा? कुणीतरी दाखवला असेल, कुणीतरी पारखला असेल. पैसे मोजायच्या आधी किती दिवस गेले असतील?

पारख करायची कशी, हे आण्णांना विचारावं. नेकनूरच्या बाजारात व्यापारी बैल पळवून दाखवायचा, शेपटी पिरगाळून, तोंडानं चक् चक् करत. आण्णा बघायचे, हसायचे, जबडा उघडून दात मोजायचे आणि म्हणायचे, "जू कुठंय?" जू घालून नांगराला चार तास फिरवल्याशिवाय ते इसारसुद्धा द्यायचे नाहीत. मग उपरण्याखाली हात जायचे, बोटांनी भाव ठरायचा. भाव ठरला तरी घरी जाताना त्यांचा प्रश्न दुसराच असायचा: कडबा पुरेल का?

महादजी शिंद्यांनी अगदी हेच केलं. १७८४ मध्ये द बुवान्य नावाचा सॅव्हॉयचा माणूस त्यांच्याकडं आला. महादजींनी त्याला एकदम फौज दिली नाही. दोन पलटणी उभ्या कर, म्हणाले. त्या उभ्या राहिल्या. १७८७ मध्ये लालसोटला राजपुतांपुढं शिंद्यांचा डाव फसला, पण त्या दोन पलटणी चौकोन धरून उभ्या राहिल्या. १७८८ मध्ये चकसाणा आणि मग आग्रा. तिथंही त्यांचं काम डोळ्यांत भरणारं. आता माणूस म्हणेल, झालं की! चाचणी तीनदा पास. द बुवान्यलाही तसंच वाटलं. त्यानं पलटणींची पुरी ब्रिगेड मागितली, आणि महादजी नको म्हणाले. खर्च परवडत नव्हता, आणि घोड्यावर वाढलेल्या सरदारांना हे पायी चालणारं लष्कर रुचत नव्हतं. द बुवान्य नोकरी सोडून लखनौला गेला आणि क्लॉड मार्टिनच्या संगतीनं व्यापारात पडला.

महादजींचं हे नकार देणं मला त्यांच्या होकारापेक्षा मोठं वाटतं. तमाशा बघून ते भुलले नाहीत आणि मालाला वाईटही म्हणाले नाहीत. १७९० च्या सुरुवातीला त्यांनी द बुवान्यला परत बोलावलं, तेव्हा ब्रिगेडीबरोबर तिच्या वैरणीचीही सोय करून ठेवली होती. दोआबातला मुलूख जायदाद म्हणून त्याच्या हवाली केला, तिथल्या वसुलीतून फौजेचा पगार निघायचा. आग्र्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या हाताखाली तोफा ओतायचा कारखाना चालू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाटणची लढाई, सप्टेंबरात मेडत्याची. मग १७९१ मध्ये दुसरी ब्रिगेड, १७९३ मध्ये तिसरी. माझ्या मते खरेदी झाली ती जायदादीचा कागद झाला त्या दिवशी. त्याआधीची सहा वर्षं शिंदे फक्त बघत होते. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या त्या खरेदीतल्या ३५ तोफा आमच्या घाटाखाली धडधडल्या.

निजामाची खरेदी वाईट होती असं नाही. हैदराबादेत रेमंडनं तोफांचा कारखाना काढला, तो भाग अजून गनफाउंड्री म्हणूनच ओळखला जातो. माल चांगला, माणूस इमानी. पण सगळं एका माणसावर टांगलेलं. रेमंड मार्च १७९८ मध्ये मेला आणि इंग्रजांशी झालेल्या कराराप्रमाणं ऑक्टोबरात ती सगळी फौज हत्यारं खाली ठेवून घरी गेली. बारा वर्षांची मेहनत एका महिन्यात मोडीत.

मराठ्यांनी तरी काय मिळवलं! खर्ड्याच्या तहात परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि ३ कोटी रुपये कबूल झाले होते. ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, गादीचा घोळ सुरू झाला, आणि १७९६ मध्ये नाना फडणविसांनी निजामाचा पाठिंबा मिळवायला महाडला करार करून त्यातलं बहुतेक सगळं सोडून दिलं. आण्णांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी बाजारात बैल जिंकला अन् दावं घेऊन घरी आले."

परांड्याचं नाव निघालं की आमच्याकडं दुसरी गोष्ट सुरू होते, ती मुलूखमैदान तोफेची. आज ती विजापूरला आहे, म्हणून लोक तिला विजापूरची समजतात. ती ओतली अहमदनगरला, १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी, म्हणजे तुर्कांकडचा. तिचं वजन ५५ टनांच्या घरात. तोंड असं की आत माणूस बसेल. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवानं तिथून विजापूरला नेली. आमच्याकडचे जुने लोक तिला ओढायला शेकडो बैल आणि दहा हत्ती होते असं सांगतात, आणि तिची जोडीची कडकबिजली भीमेत बुडाली असंही सांगतात. ज्यांची गावं त्या वाटेवर पडत नव्हती त्यांनीसुद्धा आपले बैल त्यात घातलेत. एवढी तोफ वर्षानुवर्षं जागेवर असणार, क्वचित उडणार. तिचं काम दिसायचं होतं. औरंगजेबानंही १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर तिच्यावर आपला लेख कोरून घेतला.

निजामशाहीचा तोफखान्याचा मुख्य रूमीखान याला दिसण्यातलं आणि चालण्यातलं अंतर कळत होतं. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत गोळ्यांऐवजी त्यानं तोफांत तांब्याची नाणी भरली. जवळ आलेल्या फौजेत ती पसरून गेली आणि शेकडो माणसं पडली. खजिना नळीत घालून उडवणं यापेक्षा सरळ हिशेब लष्करी खर्चाचा दुसरा सापडत नाही.

इंग्रजांनी निजामाला जी फौज घ्यायला लावली, तिचा हिशेब याहून महाग पडला. हैदराबाद कंटिन्जंट तिचं नाव. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, तिच्या घोडदळाची छावणी होती. शिलेदारी पद्धत: घोडा शिलेदारानं स्वतःचा आणायचा. कंटिन्जंटचा पगार थकत गेला, व्याज चढत गेलं, आणि १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड गेलं ते गेलंच. त्या फौजेचे हुकूम मात्र शेवटपर्यंत इंग्रजांचेच.

१९४८ ची गोष्ट थोरल्या आईकडून ऐकलेली. तिच्या आठवणीत रझाकारांच्या हातात भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका आहेत, आणि गावाबाहेर कवायत आहे. कवायत रोज, गोळी क्वचित. त्याच महिन्यांत सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी हैदराबाद संस्थानात हत्यारं उतरवत होता, ते तिला कुठून कळणार! १३ सप्टेंबरला भारतीय फौज आत आली आणि पाच दिवसांत सगळं संपलं. ती एवढंच म्हणायची, "लई दावत होते."

आता तात्या. माझे चुलते, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. देवळालीच्या तोफखाना शाळेत त्यांची बरीच वर्षं गेली. तिथं दर वर्षी तोपची नावाचा मोठा सराव होतो. परदेशी पाहुणे, नेपाळचे अधिकारी, पत्रकार, शाळेची पोरं मांडवात बसतात आणि समोरच्या डोंगरावर गोळे पडतात. आम्ही विचारायचो, "तात्या, कंची तोफ भारी?" तात्या म्हणायचे, "मांडवातून सगळ्याच भारी." त्यांच्या लेखी तोफ मारा करते तो वेळ अगदी थोडा. बाकी सगळा वेळ तिला ओढायचं, पुसायचं, तेल द्यायचं, आणि सुटा भाग आला का म्हणून टपाल बघायचं.

त्यांच्या नोकरीच्या काळात तोफखान्यावर एकच सावली होती. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, दलालीचा गदारोळ उठला, आणि त्यानंतर अशी मोठी तोफ विकत घ्यायला सरकारं कचरू लागली. पुढची परदेशी तोफ, अमेरिकेची हलकी एम-७७७, घ्यायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला. तीस वर्षं! या तीस वर्षांत चाचण्या झाल्या नाहीत असं नव्हे. चाचण्या होत राहिल्या, निविदा निघत राहिल्या, रद्द होत राहिल्या.

पिनाकचा रस्ता निराळा. पुण्याच्या पाषाणमधल्या आयुध संशोधन संस्थेनं, एआरडीईनं, ती अग्निबाणांची यंत्रणा १९८६ पासून घडवायला घेतली. एका गाडीवर १२ बाण, ४४ सेकंदांत सगळे सुटतात. १९९९ मध्ये तिच्या चाचण्या चालू असतानाच कारगिल पेटलं आणि चाचणीतली गाडी थेट लढाईवर गेली. त्यानंतर तिला सैन्यात घ्यायला कुणाला फार समजवावं लागलं नाही. भोसल्यांच्या बाणांचं आणि तिचं नातं मी तात्यांना जोडून दाखवलं, तर ते म्हणाले, "बाण सोडणं सोपं. दुसऱ्यांदा भरणं बघ."

पण ज्या तोफेमुळं हे सगळं लिहायला बसलो ती एटॅग्स, देशी बनावटीची १५५ मिलिमीटरची ओढतोफ. एआरडीईनं २०१३ च्या सुमारास काम धरलं. जोडीला पुण्याची भारत फोर्ज आणि टाटा, म्हणजे एकाच आराखड्याच्या दोन घरच्या तोफा. २६ जानेवारी २०१७ ला ती दिल्लीच्या संचलनात सगळ्या देशानं पाहिली. त्याच वर्षी पोखरणला तिचा गोळा ४८ किलोमीटरवर पडला. आमच्या पारावर पोरं मोबाइलवर ते व्हिडिओ बघत होती आणि उद्याच सीमेवर तोफ लागणार अशी चर्चा होती. २०२० च्या सप्टेंबरात पोखरणलाच चाचणीत नळी फुटली, माणसं जखमी झाली. पारावरची पोरं गप्प. तात्या मात्र म्हणाले, "आता खरी चाचणी चालू झाली." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. पण विचार करता, मांडवापुढं तोफ कधी फुटत नाही. फुटते ती वाळूत, शंभर वेळा उडवल्यावर. तिथं फुटलेली बरी, आणि का फुटली हे शोधण्यात गेलेले महिनेही बरे.

२०२२ च्या एप्रिल-मेमध्ये पोखरणला पुन्हा सैन्याच्या हातून चाचण्या झाल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंड्याला सलामी द्यायला पहिल्यांदा ही देशी तोफ उभी केली. गंमत बघा, तिनं सलामी दिली तेव्हा ती अजून सैन्याची झालेलीच नव्हती. संरक्षण खरेदी परिषदेनं गरजेची मान्यता दिली २०२३ च्या मार्चमध्ये. मग किमतीची बोली. भारत फोर्जची कमी, म्हणून त्यांना ६० टक्के, उरलेल्या टाटाला. मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची मंजुरी २०२५ च्या मार्चमध्ये, आणि २६ मार्चला करारावर सह्या: ३०७ तोफा, सुमारे ६,९०० कोटी रुपये. संचलनापासून सहीपर्यंत आठ वर्षं.

या आठ वर्षांवर वर्तमानपत्रांत दोन प्रकारचं लिहून येतं. एक, नोकरशाहीनं वेळ घालवला. दोन, देशी मालाला सैन्य नाक मुरडतं. दोन्हींत थोडं थोडं तथ्य असेल. गरजेची मान्यता चाचण्यांच्या आधी, निदान बरोबर, का येऊ नये, हे मलाही कळत नाही. महादजींनासुद्धा खर्चाचं उत्तर शोधायला दीड वर्षच लागलं होतं. पण सियाचिनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात तीच तोफ तितकीच चालते का, हे एका वर्षात कळत नाही, कारण वर्षात हिवाळा एकदाच येतो.

लहान कंपन्यांचं दुखणं मात्र खरं आहे. ड्रोन बनवणारी चार इंजिनियर पोरं सैन्यापुढं माल दाखवायला जातात, तेव्हा अट असते 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट'. येण्याजाण्याचा, उडवण्याचा, पडून मोडण्याचा सगळा खर्च त्यांचा, आणि आवडलं तरी घेऊच असं नाही. मोठं घर असा खर्च सोसतं, लहान कंपनी दोन चाचण्यांत आटते. बैल बाजारात आणणाऱ्याला परतीचा कडबाही स्वतःच बांधून आणावा लागतो, हे नेकनूरच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. नागपूरच्या सोलर समूहाच्या नागास्त्र या ड्रोनला मात्र आपत्कालीन खरेदीची वाट मिळाली: ४८० ची मागणी, त्यातले पहिले १२० जून २०२४ मध्ये सैन्याकडं पोचले. घाईची वाट वेगळी ठेवायला हरकत नाही, फक्त तिच्यावरून रोजची वाहतूक सुरू झाली की जू घालून बघायचं राहून जातं.

करार झाल्याची बातमी आली त्या दिवशी मी तात्यांना वाचून दाखवली. पल्ल्याचा आकडा त्यांनी ऐकलाच नाही. "ओढायला काय दिलंय?" म्हणाले. सांगितलं, तोफांबरोबर ३२७ सहाचाकी गाड्याही त्याच करारात आहेत. मान हलवली. "गोळे?" म्हटलं, गोळ्यांचं धड अंबाझरीला, बारूद भंडाऱ्याला, भरणी चांद्याला, आपल्याच राज्यात. भंडाऱ्याच्या कारखान्यात त्याच जानेवारीच्या २४ तारखेला स्फोट होऊन आठ कामगार गेले होते. ते तात्यांना माहीत होतं, त्यांनीच मला आठवण करून दिली. मग सगळ्या तोफा यायला किती वर्षं, असं त्यांनी विचारलं. पाच एक, मी म्हणालो.

"मग आत्ताच पेढे कशाला वाटायलेत," तात्या म्हणाले. "पलटणीत आली, पलटणीच्या मिस्त्रीनं कंपनीच्या माणसाबिगर तिचं ब्रीच खोललं अन् परत बसवलं, की मला फोन कर."